वेळेत न पोचणारी फ्रेम: वायरलेस शेड्युलिंगच्या एका पेटंट अर्जाचं प्रकरण

मोबाइल नेटवर्कवरून व्हर्च्युअल रिॲलिटीचा व्हिडिओ पाठवताना एकेक फ्रेम अनेक पॅकेटांत विभागली जाते. सेकंदाला ६० फ्रेम आणि ३० मेगाबिटचा वेग धरला तर एका फ्रेमच्या वाट्याला सरासरी ५,००,००० बिट येतात, म्हणजे १५०० बाइटची साधारण ४२ पॅकेटं. त्यातली तीस वेळेत पोचली आणि बारा उशिरा आली, तर हेडसेटला ती फ्रेम धड दाखवता येत नाही. वेळेत पोचलेल्या तीस पॅकेटांवर खर्च झालेली रेडिओची क्षमताही फुकट जाते. मग बेस स्टेशननेच आधी हिशोब करावा, जी फ्रेम वेळेत पोचणार नाही ती सोडून द्यावी आणि वाचलेली क्षमता दुसऱ्या ग्राहकाला द्यावी. या कल्पनेवर पेटंट मिळेल का?

पेटंटचा मसुदा लिहायला शिकणाऱ्या इंजिनिअरांसाठी हे प्रकरण मी रचलं आहे. अर्ज, अर्जदार आणि त्यांचा पत्रव्यवहार काल्पनिक आहे. मात्र आक्षेपासाठी वापरलेलं जुनं तांत्रिक साहित्य, कायद्याची कलमं आणि न्यायालयांचे निकाल खरे आहेत. अर्जदार पुण्यातली एक छोटी कंपनी आहे असं धरू. अर्ज मार्च २०१९मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयात दाखल झाला. फाइव्ह-जीचं पहिलं तांत्रिक प्रमाण (स्टँडर्ड), म्हणजे रिलीज १५, तेव्हा जाहीर झालेलं होतं. एक्सआर, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी आणि तत्सम प्रकारांच्या, वाहतुकीसाठी थ्रीजीपीपी या मोबाइल नेटवर्कची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने केलेला खास अभ्यास मात्र अजून व्हायचा होता.

दाखल करतानाचा पहिला दावा, म्हणजे नेमका कशावर हक्क हवा ते सांगणारा मजकूर, असा होता. बेस स्टेशन एका ग्राहकाच्या उपकरणासाठी आलेल्या फ्रेमची डेडलाइन ठरवतं. चॅनलच्या स्थितीवरून, उरलेले बिट त्या डेडलाइनआधी जातील का याचा अंदाज बांधतं. जाणार नसतील तर त्या फ्रेमची सगळी पॅकेटं टाकून देतं आणि मोकळे झालेले रिसोर्स ब्लॉक, म्हणजे रेडिओ क्षमतेचे तुकडे, दुसऱ्या उपकरणाला देतं.

वाचताना हे स्वच्छ आणि उपयोगी वाटतं. अर्जदाराच्या इंजिनिअरांना त्याचा अभिमान होता, आणि त्यांनी ते खरोखर चालवून दाखवलं होतं. पण एखादी गोष्ट चालते आणि उपयोगी आहे, एवढ्याने पेटंटचा प्रश्न सुटत नाही.

आक्षेप

पहिल्या परीक्षण अहवालात कंट्रोलरने, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या पेटंट अधिकाऱ्याने, तीन दस्तऐवज मांडले आणि ते एकत्र वाचले तर दावा सहज सुचण्याजोगा ठरतो, असं म्हटलं.

पहिला होता बेल लॅब्जच्या संशोधकांचा २००१चा लेख. त्यातला नियम वायरलेस शेड्युलिंगच्या, म्हणजे रेडिओची क्षमता कोणाला कधी द्यायची हे ठरवण्याच्या, अभ्यासक्रमांत शिकवला जातो. एम-एलडब्ल्यूडीएफ हे त्याचं नाव. प्रत्येक ग्राहकाच्या रांगेतलं सगळ्यात जुनं पॅकेट किती वेळ थांबलंय, आत्ता त्याचा चॅनल किती वेग देतोय आणि त्याची सरासरी किती आहे, यांवरून एक गुण काढायचा. त्याला त्या ग्राहकाच्या वेळमर्यादेवरून आणि ती किती वेळा चुकलेली चालेल यावरून ठरलेलं वजन द्यायचं. ज्याचा गुण सर्वांत मोठा, त्याला पुढचा स्लॉट, म्हणजे पाठवण्यासाठीचा वेळेचा पुढचा तुकडा. डेडलाइन आणि चॅनलची स्थिती एकाच सूत्रात बसवण्याचं काम इथे झालेलं आहे.

दुसरा दस्तऐवज एटीएम नेटवर्कच्या (डेटा छोट्या, ठराविक आकाराच्या तुकड्यांत पाठवणाऱ्या तारांच्या नेटवर्कच्या) जमान्यातला, रोमानाउ आणि फ्लॉइड यांचा १९९५चा. एटीएममध्ये पॅकेटाचे ४८ बाइटचे तुकडे होत आणि प्रत्येक तुकडा एका सेलमधून जाई. ९१८० बाइटचं एक आयपी पॅकेट म्हणजे १९२ सेल. त्यातला एक सेल गळाला की उरलेले १९१ पोचूनही उपयोग नसे, तरी स्विच ते इमानेइतबारे पुढे ढकलत बसे. लेखात यावर दोन उपाय तपासले होते. एक सेल गळाल्यावर त्या पॅकेटाचे बाकीचे सेलही टाकायचे, हा पहिला. बफर, म्हणजे स्विचमधली सेल थांबण्याची जागा, ठराविक मर्यादेच्या वर भरलं असेल तर नवं पॅकेट पहिल्या सेलपासूनच नाकारायचं, हा दुसरा. काहीही गळायच्या आधी पूर्ण एकक सोडून देण्याची कल्पना या दुसऱ्या उपायात स्पष्ट दिसते.

तिसरा दस्तऐवज थ्रीजीपीपीच्या रिलीज १५मधलं पीडीसीपी थराचं, म्हणजे पॅकेटांना अनुक्रमांक देऊन पुढे सोपवणाऱ्या थराचं, प्रमाण. त्यात प्रत्येक पॅकेटासाठी डिस्कार्ड टायमर असतो. वेळ संपली की पॅकेट टाकून द्यायचं. ही सोय एलटीईच्या, म्हणजे फोर-जीच्या, पहिल्या आवृत्तीपासूनची, रिलीज ८पासूनची.

कंट्रोलरचा युक्तिवाद थोडक्यात असा: डेडलाइन आणि चॅनल पाहून निर्णय घेणं पहिल्यात आहे, निरुपयोगी झालेलं पूर्ण एकक टाकणं दुसऱ्यात आहे, सेल्युलर प्रणालीत उशिरा झालेला डेटा टाकणं तिसऱ्यात आहे. वेळेत पोचेल का याचा अंदाज म्हणजे उरलेल्या बिटांना वेगाने भागायचं आणि उरलेल्या वेळेशी ताडून पाहायचं. यात शोध कुठे आहे? सोबत भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(के)खाली, हा निव्वळ अल्गोरिदम आहे, असाही आक्षेप होताच. शेड्युलिंगच्या अर्जावर तो बहुधा येतोच.

पहिलं उत्तर आणि ते का टिकत नाही

अशा अहवालाला सहा महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. अर्जदाराच्या पहिल्या मसुद्यातलं उत्तर मी वर्गात मुद्दाम पूर्ण वाचून दाखवतो, कारण निम्म्याहून अधिक जण स्वतः असंच लिहितात. दुसरा दस्तऐवज तारांच्या नेटवर्कचा आहे, आमचं वायरलेस आहे. पहिल्यात फ्रेमचा उल्लेख नाही. तिसऱ्यात अंदाज नाही. हे तिन्ही एकत्र करावेत असं कुठेही सुचवलेलं नाही. म्हणून दावा नवा आणि कल्पक आहे.

यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे, तरी उत्तर कोसळतं.

प्रत्येक दस्तऐवजात काय नाही हे वेगवेगळं दाखवणं नावीन्याच्या आक्षेपाला पुरतं, सहज सुचण्याच्या आक्षेपाला नाही. तिथे प्रश्न एकत्र वाचनाचा असतो. आणि ‘तारा विरुद्ध रेडिओ’ ही भिंत अर्जदाराला वाटते तितकी उंच नाही. थ्री-जीच्या यूएमटीएस प्रणालीत, रिलीज ९९मध्ये, बेस स्टेशनपासून त्यांचं नियंत्रण करणाऱ्या रेडिओ नेटवर्क कंट्रोलरपर्यंतचं वहन एटीएमवरच चाले. या क्षेत्रातला जाणकार माणूस एटीएमची बफर व्यवस्था ऐकून गोंधळणारा नाही. त्याच्या आधीच्या पिढीने ती रोज हाताळली आहे. ‘एकत्र करा असं कुठे लिहिलंय?’ हा प्रश्नही आता कमकुवत झाला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स प्रकरणात स्पष्ट केलं की दस्तऐवजात लेखी सूचना शोधत बसायचा कडक नियम बरोबर नाही. जाणकाराला सामान्य बुद्धी असते आणि तो ती वापरतो. भारतात कलम २(१)(जेए) मध्ये तर लेखी सूचनेची अट कधी नव्हतीच. विद्यमान ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही हवं, आणि ते जाणकाराला सहज सुचणारं नसावं, एवढंच कलम म्हणतं.

माझं मत सरळ सांगतो. दाखल केलेला पहिला दावा नाकारला जायला हवा. त्यातला ‘अंदाज’ खरोखरच एक भागाकार आहे. असा दावा मंजूर झाला तर १९९५पासून सगळ्यांच्या हाती असलेली कल्पना, फक्त ‘बेस स्टेशन’ हा शब्द जोडून, एकाच्या मालकीची होईल. हे शेड्युलर लिहिणाऱ्या प्रत्येक अभियंत्यावर अन्याय करणारं आहे.

मग या अर्जात काहीच नाही का? आहे, आणि चांगलं आहे. पण ते पहिल्या दाव्यात नव्हतं.

कोणाला काय, कधी माहीत होतं

शेड्युलिंगच्या पेटंटांत लोक सूत्राकडे बघतात. वजन असं काढलं, घातांक असा लावला, दोन निकषांचा गुणाकार केला. सूत्रांचा खजिना मात्र फार जुना आहे. सर्वांत जवळची डेडलाइन असलेलं काम आधी करा, हा नियम लिऊ आणि लेलँड यांनी १९७३मध्ये एका प्रोसेसरसाठी गणिताने पक्का केला. त्यानंतर पन्नास वर्षांत वजनांच्या इतक्या तऱ्हा छापून आल्या आहेत की नव्या सूत्राच्या दोन्ही बाजूंना जुनी सूत्रं उभी असतात. शोध सापडला तर तो दुसरीकडे सापडतो: निर्णयाच्या क्षणी निर्णय घेणाऱ्या यंत्राला काय माहीत असतं, ते कुठून कळतं आणि तोपर्यंत ते कळत का नव्हतं.

एटीएमच्या स्विचला पॅकेटाचा शेवट कळत होता, कारण एएएल-५ या पद्धतीत शेवटच्या सेलच्या शीर्षकात तशी खूण असे. बेस स्टेशनला फ्रेमचा शेवट कसा कळणार? त्याच्याकडे येतात आयपी पॅकेटं, आतला मजकूर एन्क्रिप्ट केलेला. क्विकसारख्या प्रोटोकॉलमध्ये तर फ्रेमची खूणही आतच दडलेली. त्याहून मोठी अडचण वेळेची आहे. एम-एलडब्ल्यूडीएफ काय किंवा डिस्कार्ड टायमर काय, दोन्ही घड्याळं पॅकेट बेस स्टेशनच्या रांगेत आलं तेव्हापासून चालू होतात. फ्रेमचं आयुष्य मात्र त्याआधीच सुरू झालेलं असतं. वापरणाऱ्याने मान वळवली, हेडसेटने ती स्थिती वरच्या दिशेने पाठवली, सर्व्हरने त्यानुसार चित्र रंगवलं, दाबलं, पाठवलं. सर्व्हरवर गर्दी असेल तर फ्रेम बेस स्टेशनला पोचेपर्यंतच तिचा निम्म्याहून जास्त वेळ संपलेला असतो, आणि बेस स्टेशन तिला ताजी समजतं.

अर्जाच्या तपशिलात (शोधाच्या सविस्तर वर्णनात), नवव्या अवलंबून दाव्यात, म्हणजे आधीच्या दाव्याला आणखी अट जोडणाऱ्या दाव्यात, आणि त्याला आधार देणाऱ्या दीड पानात, यावर उत्तर होतं. हेडसेटला मानेची स्थिती पाठवायला अपलिंकची, म्हणजे उपकरणाकडून बेस स्टेशनकडे पाठवण्याची, परवानगी कोण देतं? बेस स्टेशनच. म्हणजे ती स्थिती कुठल्या स्लॉटमध्ये निघाली याची नोंद बेस स्टेशनच्या स्वतःच्या घड्याळावर आधीपासून असते. काही फेऱ्यांत कुठल्या अपलिंक स्लॉटनंतर किती वेळाने डाउनलिंकचा, म्हणजे उपकरणाकडे जाणाऱ्या पॅकेटांचा, झोत येतो हे पाहून दोघांची जोडी लावायची, आणि त्या झोताचं वय रांगेत आल्यापासून न मोजता त्या अपलिंक स्लॉटपासून मोजायचं. मजकूर उघडायला नको, सर्व्हरशी घड्याळ जुळवायला नको, बेस स्टेशनमागच्या मुख्य, म्हणजे कोअर नेटवर्ककडून वेगळी खूण यायला नको.

याने काय फरक पडतो ते आकड्यांत पाहू. सबकॅरियर अंतर, म्हणजे शेजारच्या दोन उपवाहक लहरींमधलं अंतर, ३० किलोहर्ट्झ असेल तर एक स्लॉट अर्ध्या मिलिसेकंदाचा. दोन हेडसेट, दोघांच्या फ्रेम ५,००,००० बिटांच्या, दोघांनाही स्लॉटला ४०,००० बिट मिळू शकतात. एक फ्रेम पूर्ण जायला १३ स्लॉट, म्हणजे ६.५ मिलिसेकंद. (पुनःप्रेषण आणि अपलिंकला जाणारे स्लॉट सोपेपणासाठी बाजूला ठेवले आहेत.) मान वळवल्यापासून फ्रेम पोचेपर्यंत २० मिलिसेकंदांची मुभा आहे, आणि जुन्या पद्धतीचं बेस स्टेशन त्यातले १० आपल्या वाट्याचे धरतं. दोन्ही फ्रेम एकाच क्षणी बेस स्टेशनला पोचल्या. पहिली मान वळवल्यानंतर ८ मिलिसेकंदांनी आली आहे, दुसरी १५ मिलिसेकंदांनी.

रांगेपासून मोजणाऱ्या शेड्युलरला दोघी सारख्याच दिसतात. दोघींना मिळून १३ मिलिसेकंद लागतील, मुभा १०ची, म्हणून एकीला सोडावं लागेल. कोणती? त्याच्याकडे निवडायला काहीच आधार नाही. त्याने पहिली सोडली आणि दुसरी पाठवली, तर दुसरीला लागणार ६.५ आणि तिच्याकडे उरलेले फक्त ५. ती उशिरा पोचणारच. दोन्ही हेडसेटवर चित्र अडकतं. अपलिंक स्लॉटपासून मोजणाऱ्या शेड्युलरला कळतं की पहिलीकडे १२ मिलिसेकंद आहेत आणि दुसरीकडे ५. तो दुसरीला हातच लावत नाही, पहिली वेळेत पोचवतो. पहिल्या दाव्यातला नियम, सूत्र, भागाकार सगळं तेच आहे; बदललं ते एवढंच की शेड्युलरला खरं वय कळलं.

हे उदाहरण मूळ अर्जात नव्हतं, ही त्यातली खरी उणीव. अर्जातल्या आलेखात तुलना प्रपोर्शनल फेअर शेड्युलरशी केली होती, ज्याला डेडलाइन मुळात कळतच नाही. त्याच्यापेक्षा चांगलं ठरणं सोपं आहे आणि परीक्षकाला त्याने काही सिद्ध होत नाही. तुलना सर्वांत जवळच्या आधीच्या कामाशी हवी. इथे ती हवी होती एम-एलडब्ल्यूडीएफला पूर्ण फ्रेम टाकण्याची जोड दिलेल्या शेड्युलरशी, म्हणजे नेमकं कंट्रोलरने जे एकत्र करून दाखवलं त्याच्याशी. अर्ज लिहिताना स्वतःच कंट्रोलरच्या जागी बसून हे मिश्रण तयार करावं, त्याचं सिम्युलेशन चालवावं आणि आपला शोध त्याच्यापुढे किती उरतो ते तपशिलात लिहावं. युरोपीय कार्यालयात तर याशिवाय पुढे सरकताच येत नाही: आधी सर्वांत जवळचा दस्तऐवज, मग फरक, मग त्या फरकाने मिळालेला परिणाम, मग त्यावरून ठरणारी तांत्रिक समस्या.

दुरुस्त दावा आणि त्यावरचा हल्ला

कलम ५९ दुरुस्तीला फार अरुंद वाट देतं. मूळ तपशिलात नसलेलं काही आणता येत नाही, आणि नवा दावा आधीच्या एखाद्या दाव्याच्या व्याप्तीत पूर्ण बसायला हवा. पहिला दावा ‘डेडलाइन ठरवतं’ असा मोकळा होता, म्हणून ‘अपलिंक परवानगीच्या स्लॉटपासून मोजून ठरवतं’ ही त्याची आकुंचित आवृत्ती त्यात बसते. ते दीड पान तपशिलात नसतं, फक्त कंपनीच्या अंतर्गत सादरीकरणात असतं, तर प्रकरण इथेच संपलं असतं.

सुनावणीत कंट्रोलरने हल्ला बदलला. स्रोतापासून वय मोजणं जुनं आहे, आरटीपी या व्हिडिओ-आवाज पाठवण्याच्या प्रोटोकॉलच्या पॅकेटांत वेळेचा शिक्का असतोच, असं त्यांनी सांगितलं. हा आक्षेप पहिल्यापेक्षा बळकट आहे आणि त्याला खरं उत्तर द्यावं लागतं. आरटीपीचा शिक्का पाठवणाऱ्याच्या घड्याळावरचा असतो आणि सुरुवात कुठल्याही आकड्यापासून होऊ शकते. दोन शिक्क्यांतला फरक त्यातून कळतो, बेस स्टेशनच्या घड्याळावर फ्रेमचं वय कळत नाही. शिवाय तो शिक्का फ्रेमचा आहे, मानेच्या हालचालीचा नाही. सर्व्हरला चित्र रंगवायला लागलेला वेळ त्यात येत नाही, आणि इथे सगळा घोटाळा त्याच वेळेचा आहे.

समस्या मांडताना इथे जपावं लागतं. ‘अपलिंकच्या नोंदीवरून वय कसं काढावं’ अशी समस्या मांडली तर उत्तर प्रश्नातच आलं, आणि मग कोणालाही ते सहज सुचेल. प्रामाणिक मांडणी अशी: बेस स्टेशनला उशिरा आलेल्या फ्रेमचा उरलेला वेळ चुकीचा कळतो, तो बरोबर कसा कळावा? या प्रश्नापुढे २०१९चा जाणकार कुठे वळेल? कोअर नेटवर्ककडून खूण मागवेल, सर्व्हरला वेळ कळवायला लावेल, पॅकेटांत डोकावून पाहील. पुढे उद्योग याच वाटेने गेला. रिलीज १८मध्ये पॅकेटांच्या संचाची कल्पना प्रमाणात आली आणि कोअर नेटवर्क पॅकेटांवर लावलेल्या जीटीपी-यू शीर्षकातून संचाचा क्रमांक, शेवटचं पॅकेट आणि महत्त्व बेस स्टेशनला कळवू लागलं. बेस स्टेशनने स्वतःच्याच अपलिंक परवानगीकडे घड्याळ म्हणून पाहणं ही वेगळी दिशा आहे. जाणकार तसं करू शकला असता, हे खरं. त्याने तसं केलंच असतं याला पुरावा लागतो, आणि तो तीनपैकी एकाही दस्तऐवजात नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२२मध्ये ॲग्रीबोर्ड प्रकरणात कंट्रोलरला याच बाबतीत बांधून घेतलं आहे. आधीच्या दस्तऐवजात काय आहे, अर्जात काय आहे आणि एकावरून दुसरं जाणकाराला कसं सहज सुचेल, या तिन्हींची चर्चा आदेशात हवी. ‘सहज सुचण्याजोगं आहे’ हा नुसता निष्कर्ष पुरत नाही. सुनावणीनंतर पंधरा दिवसांत लेखी म्हणणं देताना या निकालाचा आधार घ्यावा, पण तो ढाल म्हणून. आपली बाजू तांत्रिक युक्तिवादानेच उभी राहते. कलम ३(के)वर फार वेळ घालवू नये. फरीद अल्लानी प्रकरणात २०१९च्या डिसेंबरमध्ये याच न्यायालयाने तांत्रिक परिणाम दाखवणाऱ्या शोधांना संगणक वापरला म्हणून दार बंद होत नाही असं सांगितलं, आणि मोजक्या रेडिओ क्षमतेचं वाटप सुधारणं हा तांत्रिक परिणाम आहे.

शब्दांचाही एक धोका इथे आहे. अर्जदाराला दुरुस्त दाव्यात ‘वापरकर्त्याचा अनुभव सर्वोत्तम होईल अशा रीतीने’ हे शब्द घालायचे होते. ते काढायला लावावेत. इंटलेक्चुअल व्हेंचर्स विरुद्ध टी-मोबाइल हे प्रकरण वायरलेस नेटवर्कमध्ये ॲप्लिकेशन ओळखून क्षमता वाटण्याच्याच पेटंटाचं होतं. अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने २०१८मध्ये त्यातला एक दावा अनिश्चित ठरवला, कारण अनुभव सर्वोत्तम झाला की नाही हे वापरणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहत होतं. सहज सुचण्याच्या आक्षेपातून सुटण्यासाठी घातलेला मोठा शब्द दुसऱ्या आक्षेपात अडकवतो. ‘उरलेला वेळ अंदाजित प्रेषणकाळापेक्षा कमी असेल तर’ एवढं मोजता येण्याजोगं लिहिलं की पुरे.

एक तपासणी उत्तर देण्याआधी करायलाच हवी होती आणि अर्जदाराने ती टाळली होती. थ्रीजीपीपीच्या बैठकांत मांडलेली चर्चापत्रं सर्वांसाठी खुल्या सर्व्हरवर असतात आणि तीही आधीचं ज्ञान ठरतात. कारखान्यांतल्या वेळबद्ध वाहतुकीसाठी बेस स्टेशनला झोताची येण्याची वेळ आधी कळवण्याची सोय रिलीज १६मध्ये आली. ते प्रमाण २०२०मध्ये गोठलं, म्हणजे अंतिम झालं, अर्जाच्या तारखेनंतर. पण त्यामागचा अभ्यास २०१८मध्येच चालू होता, म्हणून त्या बैठकांची पत्रं एकेक करून वाचणं भाग आहे. तारखेचा प्रश्न किती बारीक होऊ शकतो याचं उदाहरण इंग्लंडमधल्या अनवायर्ड प्लॅनेट विरुद्ध ह्युवावे वादात सापडतं. तिथे चर्चापत्र सर्व्हरवर चढलं तो दिवस आणि अमेरिकेतल्या अग्रक्रमाच्या अर्जाचा (ज्याच्या तारखेवरून नावीन्य मोजायचं त्या पहिल्या अर्जाचा) दिवस एकच होता, ८ जानेवारी २००८. त्या क्षणी हवाईमध्ये अजून ७ जानेवारीच आहे, म्हणून पत्र आदल्या दिवशीच प्रसिद्ध झालं, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने तो मानला नाही. ज्या पेटंट कार्यालयात अर्ज दाखल झाला तिथल्या वेळेने दिवस मोजायचा, असं ठरलं. आपल्या अर्जात असा प्रसंग आला नाही, पण दाखल करण्याची तारीख आणि चर्चापत्राची तारीख शेजारी ठेवून बघायची सवय लावून घ्यावी.

उरलेला दुसरा शोध

तपशिलात आणखी एक गोष्ट होती, आणि मला ती नवव्या दाव्याइतकीच मोलाची वाटते. फ्रेम अर्धी पाठवून झाल्यावर सोडून दिली तर काय होतं? एटीएममध्ये काही बिघडत नसे. फाइव्ह-जीत पॅकेटांना पीडीसीपीचे अनुक्रमांक लागलेले असतात. मधले क्रमांक गायब झाले की समोरचं उपकरण ते येतील म्हणून थांबतं आणि पुनर्क्रमाचा टायमर संपेपर्यंत पुढची, वेळेत आलेली फ्रेमही वर देत नाही. म्हणजे दुसऱ्या दस्तऐवजातला उपाय तिसऱ्या दस्तऐवजातल्या प्रणालीत जसाच्या तसा बसवला तर वाचवायला निघालेली पुढची फ्रेमच अडते. गंमत म्हणजे तिसऱ्या दस्तऐवजातच तशी टीप आहे: क्रमांक दिलेलं पॅकेट टाकलं तर क्रमांकांत खंड पडतो, पुनर्क्रमाचा विलंब वाढतो, आणि तो कमी कसा करायचा हे उपकरण बनवणाऱ्यावर सोपवलं आहे. कंट्रोलर म्हणतील, समस्या माहीत होती. बरोबर आहे. उपाय मात्र दिलेला नव्हता. अर्जात होता: फ्रेम सोडताना बेस स्टेशन एक छोटा संदेश पाठवून उपकरणाला पुढच्या क्रमांकापासून स्वीकारायला सांगतं.

हे दोन्ही एका दाव्यात कोंबण्याचा मोह अर्जदाराला झाला, कारण जितक्या अटी जास्त तितका दावा सहज सुचण्याच्या आक्षेपापासून दूर. पण अशा दाव्याचं उल्लंघन जवळजवळ कोणीच करणार नाही. प्रतिस्पर्धी वय अपलिंकवरून मोजेल आणि संदेश पाठवणार नाही, किंवा उलट. दोन शोध वेगळे आहेत, म्हणून मंजुरीच्या आधी कलम १६खाली विभागीय अर्ज, म्हणजे मूळ अर्जातून वेगळा काढलेला दुसरा अर्ज, करावा. दुसरा शोध मूळ दाव्यांत वेगळा मांडलेला नव्हता, तरी त्याने अडत नाही: सिंजेंटा प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑक्टोबर २०२३मध्ये सांगितलं की एकापेक्षा अधिक शोध तपशिलातून दिसत असतील तरी विभागीय अर्ज करता येतो. निकाल दिल्लीचा आहे. मुंबई कार्यालयाने नकार दिला तर अपील मुंबई उच्च न्यायालयात जाईल आणि तिथे तो मार्गदर्शक असेल, बंधनकारक नाही. उत्तर लिहिताना हे अशिलाला आधीच सांगावं.

कंपनीच्या संचालकांचा शेवटचा प्रश्न व्यवहाराचा होता. प्रमाणाने कोअर नेटवर्कच्या खुणांची वाट धरली, मग अपलिंकवरून वय मोजण्याचं पेटंट कोण वापरणार? रिलीज १८चं प्रमाण पाळणाऱ्या प्रत्येक उत्पादकाकडून परवाना शुल्क मागता येणार नाही, कारण प्रमाण पाळायला हा शोध लागत नाही. ज्या नेटवर्कमध्ये कोअर अजून खुणा पाठवत नाही, किंवा सर्व्हर त्या खुणांना लागणारी माहिती पुरवत नाही, तिथल्या बेस स्टेशनला तो लागेल. शेड्युलर डब्याच्या आत चालतो, बाहेरून दिसत नाही. त्यामुळे उल्लंघन सिद्ध करायला उशीर मुद्दाम घडवून कोणती फ्रेम सोडली जाते ते मोजावं लागेल. वर दिलेलं ८ आणि १५ मिलिसेकंदांचं उदाहरण त्या चाचणीचा आराखडा म्हणूनही वापरता येतं. विभागीय अर्जातल्या संदेशाची गोष्ट वेगळी. तो हवेतून जातो आणि पकडता येतो, म्हणून निधी एकाच अर्जापुरता असेल तर मी तो त्या दुसऱ्या अर्जावर खर्च करायला सांगेन.